घोरपडीपुढचा शेरा

कान्योला, ५ मार्च २००६

ओबुरा,

फाडण्याआधी एवढी ओळ वाच: आई बरी आहे. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही, कुणाला तुझ्याकडून काही नको आहे. निदान आज तरी नको आहे.

फोन करून पाहिला. तुझा जुना नंबर आता मोंबासातल्या कुठल्याशा बाईकडे आहे. मी तुझं नाव घेतल्यावर ती म्हणाली, "बाई, तुमचा नवरा माझ्याकडे नाही, दुसरीकडे शोधा." भाऊ आहे म्हणून सांगायच्या आत तिने फोन ठेवला. बंदराच्या कचेरीचा हा पत्ता शेजारच्या कॉन्सोलाटाने दिला. तिचा पुतण्या तिकडे माल उतरवतो. त्याला तू दिसला होतास म्हणे, अंगाने सुटलेला.

मी इथे कामासाठी आले आहे. फक्त कामासाठी. आमच्या संग्रहालयाकडे सरोवराकाठच्या सरपटणाऱ्या प्राण्यांची पाहणी आली आहे. प्रत्येक प्राण्यापुढे एक शेरा लिहायचा: नाहीसा होत चाललाय, धोक्यात आहे, माहिती अपुरी आहे, किंवा चिंता नाही. पुढे त्यावरून सरकारची यादी बनते. माझ्या वाट्याला पाणघोरपड आली. हस हवं तर. जिला आपण दगड मारायचो, जिच्या शेपटीच्या फटक्याने तुझ्या पोटरीवर वळ उठला होता, तिच्यासाठी मी नैरोबीहून सरकारी गाडीने आले. सेनेगलपासून नाईलपर्यंत आणि खाली पार दक्षिणेच्या टोकापर्यंत, जिथे पाणी तिथे ती. आफ्रिकेत तिच्याइतका ऐसपैस पसरलेला प्राणी कमीच. शेरा काय असणार हे निघण्याआधीच ठाऊक होतं. पटकन आटपेल असं वाटलं होतं.

भातशेतीवाल्या कंपनीच्या मोजणीदारांनी लव्हाळ्यात लाल डोक्याच्या खुंट्या ठोकल्या आहेत. बांध कुठून जाणार, भाताची खाचरं कुठे, कालवा कुठे, सगळं त्या खुंट्यांवरून कळतं म्हणे. एक खुंटी बाबांच्या थडग्याच्या पायथ्याशीच आहे. आई तिच्यावर भांडी पुसायचं फडकं वाळत घालते.

तुझ्या सहीबद्दल मी काही लिहिणार नव्हते. तू थोरला, बाबांमागे जमिनीची संमती तुझीच लागणार होती, ती तू दिलीस आणि त्याच आठवड्यात मोंबासाची बस धरलीस. त्याला आता तीन वर्षं होतील. आईने तुझं नाव घेणं सोडलंय. गंमत अशी, की सगळं गाव तिला 'ओबुराची आई' म्हणूनच हाक मारतं, आणि दिवसातून कितीदा तरी तिला ओ द्यावी लागते.

म्हातारे ओग्वेनो अजून होड्यांचे मुखिया आहेत. मी गाडीतून उतरत होते तेवढ्यात काठी टेकत आले.

"घोरपडीची डॉक्टरीण आली," म्हणाले. "पोरी, आमची घोरपड फार आजारी आहे."

"काय झालं तिला?"

"संपत चाललीये. उद्या-परवा संपेल. तसं लिही."

त्यांच्या मागे, होड्यांच्या सावलीत, मासळीची आतडी खात दोन घोरपडी बसल्या होत्या. त्यांनी माझी नजर पाहिली आणि काठीने त्यांना हाकललं.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

आविनो

कान्योला, १९ मार्च

ओबुरा,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतलंय.

इथलं काम वाढलं आहे. तसं ते वाढायला नको होतं. सांगते.

रविवारी प्रार्थना झाल्यावर गावाने मला चर्चच्या मागच्या झाडाखाली बसवलं. किसुमूच्या कुणा वकिलाने त्यांना सांगितलंय, की सुनावणीत कंपनीला अडवायला आता एकच गोष्ट उरली आहे: त्या पाणथळीत एखादा धोक्यातला प्राणी सापडायला हवा. जमिनीच्या संमत्या झाल्या, पाण्याचा परवाना झाला. पक्षी त्यांनी आधीच मोजून घेतलेत. राहिली घोरपड, आणि घोरपड राहिली माझ्याकडे.

कॉन्सोलाटा म्हणाली, "एक शब्द तर लिहायचाय. आम्ही काय तुझ्याकडे होडी मागतोय?"

मी समजावू लागले, की शेरा असा मनाला येईल तसा लिहीत नाहीत. किती दिसल्या, कुठे दिसल्या, अंडी कुठे घालतात, मागच्या पाहणीपेक्षा कमी झाल्या की वाढल्या...

"मग कमी मोज," ओग्वेनो म्हणाले. "डोळे तुझे आहेत ना?"

सगळे हसले. मीही हसले. हसायला नको होतं. त्यांना वाटलं, मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच आवारात आरडाओरडा. खुराड्यात घोरपड शिरली होती, माणसाच्या हाताएवढी जाड, आणि अंडी गिळत होती. म्हाताऱ्याने वल्हं उचललं आणि तिच्या डोक्यात असं घातलं, की पुन्हा ती हलली नाही. मग मान वर करून पाहतात तर मी कुंपणापाशी उभी, गळ्यात दुर्बीण.

वल्हं त्यांनी पाठीमागे लपवलं. मग म्हणाले, "बघ, आणखी एक कमी झाली. लिहून घे."

मी पोट धरून हसले. आईसुद्धा हसली, चुलीपाशी तोंड फिरवून. त्या घरात हसण्याचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. त्या हसण्यासाठी तरी ते लिहून टाकावं असं वाटून गेलं. म्हणून हे तुला लिहिते आहे. नैरोबीत हे कुणाला सांगणार?

नैरोबीहून माझे वरिष्ठ कामांडे यांचा फोन आला होता. त्यांनी अडचण ओळखली. म्हणाले, "आविनो, 'धोक्यात' लिहू नकोस, ते पकडलं जाईल. 'माहिती अपुरी' लिही. खोटं नाही, खरंही नाही. फेरपाहणी होईपर्यंत सुनावणी लांबेल. पुढचं पुढे."

त्यांना मी विचार करते म्हणून सांगितलं.

पाऊस अजून नीट सुरू झालेला नाही. सगळी हवा अंगाला चिकटते. रोज होडी काढते, एका जागी बसवत नाही. आई विचारते, सकाळपासून कुठे होतीस, आणि मी सांगते, मोजत होते.

आविनो

कान्योला, २ एप्रिल

ओबुरा,

हे पत्र दुसऱ्यांदा लिहिते आहे. पहिलं फार शहाणं झालं होतं.

मागे म्हटलं ना, काम माझ्या वाट्याला आलं? आलं नव्हतं. मी मागून घेतलं. मला तैताच्या डोंगरावर जायचं होतं, तिथे एका शिखरावरच्या रानात एक सरडा उरलाय, जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि ते रान तोडलं जातंय. माझी इतक्या वर्षांची मेहनत तिथे आहे. ते काम दुसऱ्याला देऊन मी घोरपड मागितली, कारण पाहणीच्या नकाशावर मला आपल्या पाणथळीचं नाव दिसलं. येतानाच माझ्या मनात काय होतं, ते तुला कळलंच असेल. मला ते पूर्ण वाक्यात लिहवत नाही.

आता ऐक. मागचे दोन आठवडे मी कुठे जाते आहे? जिथे घोरपडी नसतात तिथे. उघड्या वाळूत, जिथे रोज जाळी ओढतात. बाजाराच्या धक्क्यापाशी, जिथे कुत्री आहेत. तिथे बसायचं, दुर्बीण लावायची आणि काही दिसलं नाही की लिहायचं, काही दिसलं नाही. शब्दन् शब्द खरा. कुणी तपासलं तरी खरा. नदीच्या मुखाकडे, जिथे वारुळं आहेत, तिकडे होडी वळवतच नव्हते.

काल वळवली. पहिला जोराचा पाऊस पडून गेला होता, वारुळांची माती मऊ झाली होती. तुला आठवत असेल, मादी वारूळ फोडून आत अंडी घालते आणि वाळवी ते भोक परत बुजवून टाकते. पिल्लं पुढच्या एखाद्या पावसात बाहेर येतात. मी होडी लव्हाळ्यात अडकवली आणि बसले. एका वारुळातून पिल्लू निघालं. पिवळ्या ठिपक्यांचं, काळंभोर, जीभ लपलपवत. मग दुसरं. मग बाजूच्या वारुळातून. मग कुठे पाहावं ते कळेना. पाण्यावर वाकलेल्या फांद्यांवर मोठ्या घोरपडी ऊन खात पडल्या होत्या, एकीवर एक. मी होडी हलवली तशा त्या पाण्यात धपाधप पडल्या. बाबांच्या वेळीही इतक्या नव्हत्या. मासळी वाढली, बाजार वाढला, उकिरडे वाढले, तशा याही वाढल्या.

मी तिथे रडले. तेवढं लिहून ठेवते. एखाद्या प्राण्याचं बरं चाललंय म्हणून या धंद्यातलं माणूस रडलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं, की आहेत, भरपूर आहेत.

ती सुपात वाळवलेल्या बारीक मासळीतले खडे निवडत होती. म्हणाली, "मला काय सांगतेस? मी इथेच राहते. मला ठाऊक नाहीत होय?"

"मग मी काय लिहू?"

"नाहीत म्हणून लिही."

"आई, उद्या घोरपड धोक्यात म्हणून लिहिली ना, तर खुराड्यात शिरलेली घोरपड मारली म्हणून ओग्वेनोंना पोलीस धरून नेतील. पाणमांजराच्या वेळी पलीकडच्या गावातल्या माणसाला नेलं होतं, त्याच्या जाळ्यात ते मेलेलं सापडलं म्हणून. या काठापासून युगांडापर्यंतच्या सगळ्या कोंबडीवाल्या बाया..."

"युगांडाच्या बायांना मी जेवायला घालत नाही."

"आणि तिकडे तैतात एक सरडा खरोखर संपतोय. इथे मी खोटी पडले तर त्याच्याबद्दल माझं कोण ऐकेल?"

तिने सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुझ्या भावाने एक सही करून घर दिलं. तू एक सही करून ते राखू शकतेस. यात सरडा कुठून आला?"

तुझं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही, पण 'तुझ्या भावाने' एवढं म्हणाली. तेही बऱ्याच काळाने.

तुला तेव्हा कुणी विचारलं होतं का, तू सही का केलीस? मीसुद्धा विचारलं नव्हतं. मी सरळ चिडले होते.

आविनो

किसुमू, ११ एप्रिल

ओबुरा,

'चिंता नाही' असं लिहून पाठवलं. खाली सही केली.

'माहिती अपुरी' हेही एकदा लिहून पाहिलं. माझ्याच अक्षरात ते वाचलं आणि पानभर आकड्यांच्या खाली ते असं दिसलं, की जेवून उठलेल्या माणसाने उपाशी आहे म्हणावं. कामांडेंनी फोनवर विचारलं, "नक्की?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "तुझ्या आईचं घर तिथेच आहे ना?" मी पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या.

आईला मी स्वतः सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. संध्याकाळची मक्याची उगाली आणि भाजी कॉन्सोलाटाच्या हाती पाठवली, माझ्यापुढे ती स्वतः आली नाही. कॉन्सोलाटाने ताट ठेवलं आणि म्हणाली, "खा, डॉक्टरीणबाई. घोरपडी जेवल्या का विचारून ये आधी."

सकाळच्या गाडीने किसुमूला आले. इथे विश्रामगृहात आहे. खोलीला खिडकी आहे, खिडकीतून सरोवर दिसतं, आणि मी पडदा ओढून बसले आहे.

आविनो

नैरोबी, ३० मे

ओबुरा,

सुनावणी झाली. तुला कुठून तरी कळलंच असेल, पण कळणारं सगळं खरं नसतं, म्हणून मी सांगते.

चर्चच्या पटांगणात ताडपत्री बांधली होती. पर्यावरण मंडळाची माणसं टेबलामागे, कंपनीची एका बाजूला, गाव जमिनीवर. मला बोलावलं नव्हतं. मी आपण होऊन गेले आणि मागे उभी राहिले. माझ्या शेजारची माणसं जरा जरा करत सरकली, माझ्याभोवती मोकळी जागा झाली.

कंपनीची वकील एक तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिने आधी जमिनीच्या संमत्या वाचल्या. आपल्या जमिनीशी आली तेव्हा तुझं पूर्ण नाव वाचलं, झकायो ओबुरा. मग प्राण्यांकडे वळली. "पाणघोरपड: चिंता नाही. पाहणी करणारी तज्ज्ञ, पेनिना आविनो."

पुढून कुणीतरी म्हणालं, "दोघंही एकाच आईची."

दुसरा म्हणाला, "दूध तपासायला हवं होतं."

लोक हसले. आई पुढच्या ओळीत होती. तिची मान हलली नाही. मला फक्त तिचा डोक्याचा रुमाल दिसत होता, बाबांनी आणलेला तो निळा.

अध्यक्षांनी विचारलं, तज्ज्ञबाई आहेत का. मी पुढे गेले.

"हा शेरा तुमचा?"

"माझा."

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मग तुमचा काही आक्षेप नाही."

"आहे," मी म्हटलं. आणि मग, ओबुरा, जे बोलायचं म्हणून सगळा रस्ता मी मनात घोळवत आले होते ते मला धड बोलता आलं नाही. मी म्हटलं की घोरपडीला चिंता नाही म्हणजे पाणथळीला चिंता नाही असं होत नाही. घोरपड कालव्यातही राहील, बांधावरही राहील, उकिरड्यावरही राहील. ज्यांना तसं राहता येत नाही त्यांचं काय? इथल्या माणसांची पाहणी कुणी केली? आवाज चिरकायला लागला. अध्यक्ष वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "बाई, ते या मंडळाच्या कामात बसत नाही."

मागून ओग्वेनो उठले. "साहेब, मग आम्हाला घोरपडीत धरा. आम्हीही मासे खातो, आम्हीही चिखलात राहतो."

या वेळी हसू आलं ते वेगळं होतं. अध्यक्षही हसले, मग त्यांनी हसू आवरलं.

त्यानंतर आई उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पिशवीतून तिने ती लाल खुंटी काढली, थडग्याच्या पायथ्याची, मातीसकट, आणि टेबलावर त्यांच्या कागदांवर ठेवली.

"ही तुमची वस्तू," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या पायाशी राहून गेली होती. बरेच दिवस सांभाळली. आता घेऊन जा."

आणि जागेवर जाऊन बसली. वकील मुलीने कागदावरची माती झटकायला हात पुढे केला आणि परत घेतला.

निकाल पंधरवड्याने आला. बांध होणार. भात होणार. पण गावातल्या सगळ्या थडग्यांना वळसा घालून बांध जाईल, तेवढी जमीन तशीच सोडायची. घरं मात्र उठवायची, टेकाडावर प्रत्येकाला जागा. बाबा जिथे आहेत तिथे राहतील, आई नाही.

मला वाटलं होतं, खरं लिहिलं की निदान झोप लागेल. तसं काही होत नाही. मी तैताला गेले होते. तिथला सरडा मिळाला, फांदीवर निवांत बसला होता. त्याच्याकडे पाहताना मी सारखी सरोवराचा विचार करत होते.

आविनो

कान्योला, ३ सप्टेंबर

ओबुरा,

हे पत्र पूर्ण वाच. मधे सोडू नकोस.

बांधाची माती आपल्या आवाराच्या कुंपणापर्यंत आली आहे. सगळं गाव टेकाडावर गेलं. ओग्वेनोसुद्धा गेले, जाताना म्हणाले, इथून सरोवर जास्त दिसतं, आणि मग कुणी पाहत नाही असं वाटून डोळे पुसले. राहिली आहे फक्त आई.

मी रजा घेऊन आले. मला तिने घरात घेतलं, अंथरूण दिलं, माझ्याशी ती कामापुरतं बोलते. पण टेकाडाचं नाव काढलं की ऐकू न आल्यासारखं करते.

कंपनीचा माणूस येतो, उन्हात उभा राहतो, टोपी हातात घेऊन म्हणतो, "आई, मशीन थांबलंय." ती म्हणते, "बसू दे त्याला. दमलं असेल."

काल आपला चुलतभाऊ ओमुगा आला. चांगला मुलगा आहे. कोंबडा काखेत, कुऱ्हाड खांद्यावर, निखाऱ्याचं मडकं बायकोच्या हातात, नवं घर बसवायला थोरला मुलगा नेतो ते सगळं. म्हणाला, "काकू, चला, मी तुमचं घर बसवून देतो. रिवाजात चालतं. घरचाच आहे मी."

आई म्हणाली, "चालतं, खरं आहे. ज्याला मुलगा नाही त्याला चालतं."

ओमुगाला वाटलं, ती तू मेल्यासारखं बोलते आहे. तो म्हणाला, "म्हणून तर आलो."

"पण मला मुलगा आहे," ती म्हणाली. "कोंबड्याला खाली सोड, त्याचे पाय दुखत असतील."

बस, एवढंच. नंतर तिने ओमुगाला जेवू घातलं आणि भरपूर मासळी बांधून दिली.

ओबुरा, तुला बोलवायला तिने मला सांगितलेलं नाही. ती सांगणारही नाही. तुला माफ केलं असंही मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण थोरल्याने कुऱ्हाड घेऊन पुढे चालल्याशिवाय ती त्या उंबऱ्यातून निघणार नाही, आणि मशीन किती दिवस दमलेलं राहील हे कुणाच्या हातात नाही. ते तिला उचलून नेतील असं मला वाटत नाही, पण भिंतीला धक्का लागेल, आणि मग ती चालत जाईल ती कुठे, ते मला सांगता येत नाही.

तू का गेलास ते मी विचारत नाही. मोंबासात सुखी आहेस की नाही तेही नाही. आलास तर कुणी काही बोलणार नाही याची हमी देत नाही, कॉन्सोलाटा बोलेल. किसुमूहून सकाळची गाडी फाट्यापर्यंत येते. तिथून चालत. वाट बदलली आहे, बांधाच्या डाव्या अंगाने ये.

आविनो

कान्योला, १ ऑक्टोबर

ओबुरा,

फाट्यावर तुझी परतीची गाडी लवकर आली आणि बोलणं अर्धंच राहिलं. आपण दोघं तसेही त्या सगळ्या दिवसांत कामाचंच बोललो: खांब, वासे, गवत, माती. बरंच झालं. हात रिकामे असते तर भांडलो असतो.

तू पाहिलंस ते मी परत सांगत नाही. तू मागे वळून पाहिलं नाहीस, तसं पाहू नयेच म्हणतात, म्हणून तुझ्या मागे चालताना आईचा चेहरा तुला दिसला नाही. तो मला दिसला. तो कसा होता ते लिहायला बसले तर हे पत्र आज टपालात पडायचं नाही. एवढंच सांगते, की ती बाबांच्या थडग्यापाशी थांबली, ओठ हलले, आणि नंतर चढणीवर ती तुझ्याहून भरभर चालत होती. निखाऱ्याचं मडकं माझ्या हातात होतं, मला गाठता येईना.

तू गेल्यावर कंपनीने कालव्यात पाणी सोडलं. कडेला पहिल्याच दिवसांत घोरपडी येऊन बसल्या, नव्या मातीत उकरायला लागल्या. मी मोजत नाही. ओग्वेनो रोज टेकाडावरून ओरडून सांगतात, "डॉक्टरीण, तुझी मंडळी मजेत आहेत." आता त्यात विष नाही. निदान कमी आहे.

आई नव्या घरात स्थिरावते आहे असं म्हणू का? भिंत सारवली, चूल दोनदा बदलली. वाऱ्याला शिव्या देते. सकाळी उठून खाली बाबांकडे जाते आणि वर येताना तोंडाने मोठमोठ्याने श्वास घेत येते, म्हणजे मला ऐकू यावं.

आणि एक. फाटकाजवळची ती जागा तुला आठवते, जिथे आपण उरलेले वासे टाकले होते? ते तिने परवा एकटीने उचलून मागे नेले. जागा झाडली, दगड वेचले, चारी कोपऱ्यांना काठ्या रोवल्या. ओमुगाच्या पोरांनी तिथे शेळी बांधली तर तिने शेळीसकट त्यांना हाकललं. मी विचारलं, इथे काय करायचं आहे? म्हणाली, "कोंबड्यांसाठी." कोंबड्यांचं खुराडं मागच्या बाजूला बांधून झालंय, तूच तर बांधलंस. आणि फाटकाजवळ थोरल्या मुलाची झोपडी असते, हे या सरोवराकाठी लहान मुलालाही ठाऊक आहे. मी पुन्हा विचारलं नाही. तूही तिला विचारू नकोस. यायचं तेव्हा ये आणि बांध.

मुलीची जागा आवारात नसते. ती मी मागतही नाही. तिच्याशी माझं बोलणं अजून पाहुणीसारखं चाललंय: जेवलीस का, गाडी किती वाजता, पांघरूण पुरलं का. तुला तिची गरज पडली नाही, तिला तुझी पडली, म्हणून तुमचं मिटलं. किंवा मिटायला लागलं. माझी तशी गरज कुणाला पडेल असं दिसत नाही, आणि मी जे लिहिलं ते उद्या पुन्हा लिहावं लागलं तर तेच लिहीन, हे तिलाही कळतं.

म्हणून फाट्यावर जे विचारायचं राहिलं ते इथे विचारते. या सगळ्या पत्रांतून मी तेच विचारत होते, पण मला ते आत्ता कळतंय. सही करून तू मोंबासाला गेलास. तिथे तीन वर्षं सकाळी उठलास, कामाला गेलास, जेवलास, अंगाने सुटलास. ते कसं केलंस?

मला खरंच माहीत करून घ्यायचं आहे. उत्तर लिही.

आविनो